दूरची शाळा आणि तिचा शिक्षक

नवी दिल्लीत शहीद जीतसिंह मार्गावर केंद्रीय विद्यालय संघटनेचे मुख्यालय आहे. यमुनेच्या पलीकडे, नोएडाच्या ६२ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, नवोदय विद्यालय समितीचे मुख्यालय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतील शाळांसाठी शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या यांची सूत्रे या दोन ठिकाणांहून हलतात. रोहतकमध्ये वाढलेला, दिल्लीत शिकलेला आणि गाझियाबादला बिऱ्हाड थाटलेला एखादा गणिताचा शिक्षक अशा आदेशाचा कागद उघडतो आणि त्यावर लेह, तवांग किंवा कार निकोबार असे नाव वाचतो. ते गाव नकाशावर शोधण्यापासून त्याचा प्रवास सुरू होतो.

जगाच्या उत्तर टोकाकडील देशांतही असेच घडते. कॅनडा किंवा अलास्का येथील ध्रुवीय वस्त्यांतील शाळांसाठी दक्षिणेकडील मोठ्या शहरांतून शिक्षक जातात. त्यांना बर्फ, अंधार आणि एकटेपणा यांना तोंड द्यावे लागते. आपल्याकडे ध्रुवप्रदेश नाही. परंतु हिमालयाच्या उंच दऱ्या, ब्रह्मपुत्रेपलीकडील डोंगर आणि बंगालच्या उपसागरातील बेटे आहेत. तेथेही शाळा आहेत, मुले आहेत आणि शिक्षकाची वाट पाहणे आहे. दूरच्या शाळेत शिक्षक कसा पोहोचवावा, हा प्रश्न राज्यकर्त्यांनी बऱ्याच अंशी सोडविला आहे. तो तेथे किती काळ राहील आणि राहिलेल्या काळात मुलांच्या किती जवळ जाईल, हा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, आणि मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच होय.

अंतर कशाने मोजावे?

सामान्यतः अंतर मैलांत किंवा किलोमीटरमध्ये मोजले जाते. दूरच्या शाळेकडे निघालेल्या शिक्षकाला हे माप फारसे उपयोगी पडत नाही. दिल्लीहून लेहला विमानाने जाण्यास दीड तासही लागत नाही. परंतु दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश इतकाच उरतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून विमानातून उतरलेल्या माणसाने पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे आणि श्रमाची कामे टाळावीत, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला न मानणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश यांचा त्रास होतो. क्वचित फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून जिवावरही बेतते. रस्त्याने जाणाऱ्याचे शरीर वाटेत हळूहळू सरावते. विमानाने अंतर कमी केले, पण शरीराला लागणारा वेळ त्याला कमी करता आलेला नाही.

पूर्वेकडे गेल्यास अंतराचे दुसरेच रूप दिसते. भारतभर एकच प्रमाणवेळ आहे आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. दिल्ली सुमारे ७७ अंशांवर आणि अरुणाचल प्रदेशातील लोहित जिल्ह्याचे ठाणे तेजू सुमारे ९६ अंशांवर असल्याने दोहोंच्या सूर्यामध्ये सव्वा तासाचा फरक पडतो. जूनमध्ये तेजूला पहाटे साडेचारच्या आतच उजाडते. डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेचे घड्याळ मात्र दिल्लीचेच असते. नव्याने आलेल्या शिक्षकाला हिवाळ्यातील लांबलचक संध्याकाळ खायला उठते. ध्रुवप्रदेशातील शिक्षकाला हाच अनुभव कितीतरी पटींनी येतो. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील ग्रीझ फिऑर्ड या वस्तीत हिवाळ्याचे सुमारे तीन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाही.

वाहतुकीच्या सोयी वाढल्या, तसे अंतर निश्चितच घटले आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत अरुणाचलातील नाहरलगुन येथून नवी दिल्लीला थेट रेल्वे सुरू झाली. २०१७ मध्ये लोहित नदीवरील ढोला-सदिया पूल आणि २०१८ मध्ये ब्रह्मपुत्रेवरील बोगीबील पूल वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी या भागात जाणाऱ्याला नावेवर अवलंबून राहावे लागे, आणि पावसाळ्यात नदीची मर्जी सांभाळावी लागे.

शासनाने केलेली व्यवस्था

केंद्रीय विद्यालयांचा जन्मच मुळी बदल्यांच्या प्रश्नातून झाला. केंद्र सरकारी नोकर आणि सैनिक यांची दर काही वर्षांनी बदली होते. त्यांच्या मुलांची शाळा, भाषा व अभ्यासक्रम दर वेळी बदलू नयेत, या हेतूने नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने ही योजना मंजूर केली. प्रारंभी सैन्यदलाच्या ठाण्यांवर चालणाऱ्या वीस शाळा तीत घेण्यात आल्या. आज अशा विद्यालयांची संख्या बाराशेहून अधिक आहे. यातील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. फिरत्या पालकांच्या मुलांना स्थैर्य मिळावे म्हणून जी शाळा काढली, तिचा शिक्षकही फिरताच राहिला.

नवोदय विद्यालयांचा विचार याहून वेगळा होता. ग्रामीण भागातील गुणी मुलांना निवासी शिक्षण द्यावे, या कल्पनेतून १९८५-८६ मध्ये दोन प्रायोगिक शाळा सुरू झाल्या. एक दिल्लीजवळ हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरी महाराष्ट्रातील अमरावती येथे. पुढे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात असे विद्यालय निघाले. येथे शिक्षक आवारातच राहतो. सकाळच्या व्यायामापासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत त्याची मुलांशी गाठ असते. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, घरची आठवण काढून रडणाऱ्याची समजूत घालणे, हीदेखील त्याचीच कामे ठरतात.

दुर्गम भागातील नोकरीसाठी शासन मोबदलाही देते. ईशान्य भारतात नेमलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १४ डिसेंबर १९८३ रोजी अर्थ मंत्रालयाने एक आदेश काढला. त्यानुसार त्यांना विशेष कर्तव्य भत्ता मिळू लागला. प्रारंभी तो मूळ वेतनाच्या २५ टक्के होता. सातव्या वेतन आयोगानंतर त्याचा दर १० टक्के झाला. याच आदेशाने तेथील वास्तव्याची मुदतही ठरविली. दहा वर्षे किंवा त्याहून कमी सेवा झालेल्यांसाठी तीन वर्षे आणि त्याहून अधिक सेवा झालेल्यांसाठी दोन वर्षे, अशी ती मुदत होती. दुर्गम जागी मुदत पुरी करणाऱ्यास पुढे पसंतीच्या गावी बदली मिळविण्यात झुकते माप मिळते, हे तत्त्वही शासकीय सेवेत रुजले.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. वृद्ध आईवडील, पत्नीची नोकरी, मुलांचे शिक्षण या सर्वांपासून त्याला अनिश्चित काळ दूर ठेवणे योग्य नव्हते. परंतु हाच हिशेब वर्गातील बाकावरून मांडला, तर वेगळे उत्तर येते. सहावीत आलेले मूल बारावी होईपर्यंत सात वर्षे शाळेत राहते. दोन वर्षांची मुदत धरली, तर या काळात एकाच विषयाचे तीन-चार शिक्षक येतात आणि जातात. प्रत्येक नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष गाव समजून घेण्यात सरते आणि दुसरे वर्ष बदलीच्या आदेशाची वाट पाहण्यात. मुलाला मात्र दर वेळी नवे उच्चार, नवी शिस्त आणि नवा स्वभाव यांच्याशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

नेफामधील पहिले धडे

आजच्या अरुणाचल प्रदेशाला १९७२ पर्यंत ईशान्य सीमा प्रदेश, अर्थात नेफा, असे म्हणत. स्वातंत्र्यानंतर तेथे शिक्षणाचा आरंभ करण्याचे काम आसामच्या इंदिरा मिरी यांच्याकडे आले. १९४७ पासून दहा वर्षे त्या तेथील शिक्षणाच्या प्रमुख होत्या. शाळा काढावयाच्या तर आधी शिक्षक हवेत, हे ओळखून सदिया येथे शिक्षक-प्रशिक्षण संस्था सुरू करण्यात आली. १५ ऑगस्ट १९५० च्या महाभूकंपाने या भागाची वाताहत केली. नद्यांनी पात्रे बदलली आणि जुने सदिया गाव पाण्याने गिळून टाकले. प्रशिक्षणाचे काम अन्यत्र हलवावे लागले, पण ते थांबले नाही.

त्या काळी अनेक ठाण्यांना धान्य आणि मीठ विमानातून टाकले जाई. शिक्षक आठवडाभर पायी चालून नेमणुकीच्या गावी पोहोचत. अशा परिस्थितीत बाहेरच्या माणसाने कसे वागावे, याचा विचार शासनाचे सल्लागार आणि मानवशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला. जवाहरलाल नेहरूंनीही याबाबत पाच तत्त्वे सांगितली. डोंगरी लोकांवर काही लादू नये, त्यांच्यातूनच प्रशासनाची माणसे तयार करावीत, फार बाहेरचे लोक तेथे पाठवू नयेत आणि कामाचे मोल आकडेवारीवरून किंवा खर्चावरून न करता घडलेल्या माणसांवरून करावे, असा त्यांचा मथितार्थ होता.

आकडेवारीकडे अगदी दुर्लक्ष करण्याचेही कारण नाही. १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशातील साक्षरता सुमारे ७ टक्के होती. २०११ मध्ये ती ६५ टक्क्यांवर गेली. हे यश बाहेरून आलेल्या शेकडो शिक्षकांच्या श्रमाशिवाय मिळाले नसते. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. शाळेचे माध्यम आरंभी असमिया होते, नंतर इंग्रजी झाले, आणि निरनिराळ्या जमातींच्या मुलांनी आपसांत बोलण्यासाठी हिंदी उचलली. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर राहिली. शिकून मोठी झालेली पिढी आज आपल्या भाषा जपण्याच्या धडपडीत आहे.

परक्या भाषेतील वर्ग

भाषेचा प्रश्न लडाखमध्ये अधिक तीव्रतेने दिसून आला. तेथील मुले घरी लडाखी बोलत. सरकारी शाळेत आठवीपर्यंतचे माध्यम उर्दू होते आणि नववीत ते एकदम इंग्रजी होई. पाठ्यपुस्तकांतील झाडे, फळे आणि वाहने मुलांनी कधी पाहिलेली नसत. परिणामी दहावीच्या परीक्षेत दर वर्षी बहुसंख्य विद्यार्थी अनुत्तीर्ण होत, आणि दोष मुलांच्या बुद्धीला दिला जाई. १९८८ मध्ये काही लडाखी तरुणांनी ‘सेकमोल’ ही संस्था स्थापन केली आणि हा समज खोडून काढण्याचे काम हाती घेतले. १९९१ मध्ये सासपोल गावच्या शाळेत सुधारणेचा प्रयोग झाला. १९९४ पासून शासन, गावकरी आणि संस्था यांनी मिळून हे काम लडाखभर नेले. गावोगावी शिक्षण समित्या स्थापन झाल्या, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि प्राथमिक पुस्तकांत लडाखचे जीवन आले. मुले तीच होती. शाळा बदलली, तेव्हा निकालही सुधारले.

ध्रुवप्रदेशाने या चुकीची किंमत अधिक कठोरपणे मोजली आहे. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत ठेवले जाई व त्यांना मातृभाषा बोलण्यास बंदी असे. या धोरणाबद्दल तेथील पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत क्षमा मागितली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या नुनावुत या प्रदेशात बहुसंख्य लोक इन्युइट आहेत. तेथे पंचवीस वस्त्या आहेत व एकीलाही दुसरीशी जोडणारा रस्ता नाही. माल विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येतो. मुलांना इन्युइट भाषेत शिक्षण मिळण्याचा हक्क तेथे २००८ मध्ये कायद्याने मान्य झाला आणि सर्व इयत्तांत तो अमलात आणण्यासाठी सुमारे बारा वर्षांची मुदत ठेवण्यात आली. ती मुदत पाळता आली नाही. २०२० मध्ये कायदा बदलून ती २०३९ पर्यंत वाढवावी लागली. कारण उघड होते. ती भाषा बोलणारे पुरेसे शिक्षकच तयार झालेले नव्हते. वर्ग दक्षिणेकडून येणाऱ्या शिक्षकांवर चालत होते आणि ते वारंवार बदलत होते. याउलट ग्रीनलंडमध्ये नूक येथे १८४५ सालीच स्थानिक शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय निघाले. तेथील भाषा आज राज्यकारभाराची भाषा आहे, यामागे त्या दीर्घ परंपरेचाही वाटा आहे.

जे राहिले

शासकीय मुदतीच्या चौकटीबाहेर जाऊन राहिलेल्या माणसांचीही उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे जन्मलेले एकनाथ रानडे यांनी १९७२ मध्ये विवेकानंद केंद्राची स्थापना केली. या संस्थेने १९७७ मध्ये अरुणाचलात सात निवासी शाळा एकदम सुरू केल्या. तेथे शिकविण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तरुण-तरुणी गेले. त्यांच्यापैकी एक होते मूळचे केरळचे सत्यनारायणन मुंडयूर. मुंबईतील महसूल खात्यातील नोकरी सोडून १९७९ मध्ये ते लोहितमध्ये आले आणि परतले नाहीत. शाळेत अनेक वर्षे काम केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, मुलांना वाचता येते, पण वाचावयास पुस्तके नाहीत. तेव्हा त्यांनी पुस्तकांच्या पेट्या घेऊन गावोगावी फिरण्यास आरंभ केला. २००७ मध्ये तेजू येथे ‘बांबूसा’ हे मुलांचे ग्रंथालय उभे राहिले. दिल्लीतील बालसाहित्याचे लेखक व चित्रकार यांच्या संघटनेने त्यास साहाय्य केले. मुले त्यांना ‘अंकल मूसा’ म्हणतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

मदतीचा आणखी एक मार्ग दिल्लीच्या परिसरातूनच पुढे आला. गुरुग्राम येथे शिक्षिका असलेल्या सुजाता साहू २०१० मध्ये लडाखच्या डोंगरांतून पायी फिरल्या आणि तेथील एकाकी शाळा त्यांनी पाहिल्या. २०१२ मध्ये त्यांनी ‘सतरा हजार फूट’ या नावाची संस्था काढली. गावातच राहणाऱ्या शिक्षकाला पुस्तके, खेळाची साधने आणि प्रशिक्षण पुरवावे, ही तिच्या कामाची दिशा आहे. शिक्षक गावातलाच असला, तरी एकटेपणा आणि साधनांची उणीव त्यालाही जाणवते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

जाणाऱ्याने काय जाणून जावे

प्रत्येकाने मूसा व्हावे, अशी अपेक्षा करणे वाजवी नाही. दोन किंवा तीन वर्षांसाठी जाणारा शिक्षकही मोलाचे काम करू शकतो, मात्र त्याने काही गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. निघण्यापूर्वी त्याने घरच्यांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. कारण दूरची नोकरी अर्धी सोडून परतण्याचे कारण बहुधा हवामानात नसते, ते घरात असते. रस्ता कोणत्या महिन्यांत बंद होतो, दवाखाना किती लांब आहे, राहण्याची जागा शाळेच्या आवारात आहे की गावात शोधावी लागते, ही माहिती तेथे काम केलेल्या शिक्षकांकडून मिळवावी. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात मुलांच्या भाषेतील निदान शंभर शब्द शिकावेत. घोडा, बर्फ, आई, भूक, दुखणे हे शब्द येऊ लागले की, वर्गातील निम्मे मौन आपोआप सुटते. गावातील सणाला आणि अंत्यविधीला हजर राहावे. दिल्लीत असे चालते, दिल्लीत तसे नसते, हे वाक्य शक्यतो तोंडी येऊ देऊ नये.

निघतानाची तयारीही येतानाच्या तयारीइतकीच महत्त्वाची आहे. कोणता मुलगा भागाकारात अडतो, कोणती मुलगी घरच्या कामामुळे सोमवारी येत नाही, कोणाला चष्म्याची गरज आहे, याची वही पुढच्या शिक्षकासाठी ठेवून जाणारा शिक्षक दोन वर्षांतही पुष्कळ देऊन जातो. अशी वही मागे राहिली, तर नव्या माणसाचे पहिले वर्ष वाया जात नाही.

या सर्वांपेक्षा एक कसोटी अधिक खात्रीची आहे. दुर्गम शाळेतील बाहेरच्या शिक्षकाचे यश त्याच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पुढे शिक्षक होऊन त्याच गावी परतले, यावरून मोजावे. तेजूच्या किंवा सासपोलच्या शाळेत फळ्यासमोर उभी राहणारी तरुणी जेव्हा त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी असते, तेव्हा ती जागा कोणाला दुर्गम वाटत नाही. तिच्या दृष्टीने ते घर असते, आणि दूर असते ती दिल्ली.